पाण्यात सरळ झालेली वेणी

त्या वेणीचं प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. या प्रकरणातला एकेक दिवस मात्र मला वेगळा सांगता येतो. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, आणि त्यांनी आपापला संसार पुन्हा नीट लावून घेतला आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका ठाण्यावर ठाणेदार होतो. वय तिशीच्या आत. ठाण्यात एक जमादार, एक लेखनिक हवालदार, आठ शिपाई आणि दोन सायकली. जमादार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. हद्दीतल्या प्रत्येक गावात त्यांनी कधी ना कधी चहा घेतलेला. मला वाटायचं, कायदा मला जास्त कळतो. ते त्यांना चालायचं.

कापूस वेचणीचे दिवस होते. अडाण नदीच्या बाजूच्या एका तांड्यावरून एक तरुण शेतकरी ठाण्यात आला. बंजारा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, अंगानं बारीक. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"जमादारसाहेब, माही बायको तीन दिवसापासून घरी नाई. तिच्या माहेरी जाऊन पाह्यलं, मावशीकडं पाह्यलं. कोठीच नाई."

जमादारांनी बेपत्ता नोंद घेतली. वय बावीस, रंग सावळा, हनुवटीवर गोंदण, केस कुरळे. तीन वर्षं लग्नाला झालेली, मूल नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी नवरा-बायकोचं जोरात भांडण झालं होतं, हे त्यानं आपणहून सांगितलं. भांडण कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, "मले समजलंच नाई साहेब. ती म्हणे, तू दुसरी करून राह्यला. मी म्हणलं, कोण सांगतलं तुले? तं ते सांगेना."

मी ते ऐकत होतो. भांडण झालं, बायको नाहीशी झाली. त्याच दिवशी माझ्या मनानं एक बाजू घेतली होती, हे आता कबूल करतो.

आठ-दहा दिवस काही हाती लागलं नाही. मग एका सकाळी त्या शेतकऱ्याचा चुलतभाऊ ठाण्यात आला. दोघांचं शेत सामाईक, घरं शेजारी. डोळे लाल, आवाज बसलेला.

"साहेब, तांड्याखालच्या नाल्यात काई तरी पडेल हाय. माह्यानं पाह्यवलं नाई. तुमीच चला."

आम्ही गेलो. नाल्यात पाणी जवळजवळ आटलेलं होतं. पळसाच्या मुळाजवळ एका दगडावर हातभर लांब वेणी पडली होती, वरच्या बाजूनं कापलेली. वेणीखालचा वीतभर मोकळा झुपका दगडावरून ओघळून ओल्या वाळूत टेकला होता. बाजूला फाटलेली ओढणी होती आणि तिच्यावर काळपट डाग होते. ओढणी तिचीच होती, त्याबद्दल तांड्यावर कोणालाच शंका नव्हती.

पंच बोलावून मी वेणी सोडवली. केसांना चांगल्या दाट लहरी होत्या. जमलेल्या बायांतली एक म्हणाली, "तिचेच हाय. आमच्या तांड्यात कुरये केस तिचेच." बाकीच्यांनी माना हलवल्या. चुलतभाऊ खाली बसून रडायला लागला.

तेवढ्यात त्या बेपत्ता बाईची सासू पुढे आली. साठीची, कपाळावर गोंदण, हातात कोपरापर्यंत बांगड्या. तिनं माझ्या हातातले केस घेतले, बोटांत धरून पाहिले आणि परत दिले.

"हे तिचे नाई," ती म्हणाली. "तिची येणी मीच घालतो रोज. तिचे केस हाताले लागते. हे मऊ हाय."

आरोपी ज्याला करायचं मी ठरवत होतो, त्याची ती आई. मी तिचं म्हणणं लिहून घेतलं नाही. लेखनिक हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि त्यानं लेखणी उचलली नाही.

नवऱ्याला त्याच दिवशी अटक केली. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांकडून कोठडी घेतली. चौकशी मी स्वतः करत होतो. मारहाण केली नाही, हे खरं. पण मारण्याशिवाय माणसाला थकवण्याचे जे उपाय असतात ते सगळे केले. एकच प्रश्न सकाळी, दुपारी, संध्याकाळी. उभं ठेवायचं, बसू द्यायचं, पुन्हा उभं करायचं. तो एकच उत्तर देत होता, "मले माहीत नाई साहेब." चौथ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "ठीक आहे. तुला माहीत नसेल तर तुझ्या आईला माहीत असेल. उद्या तिला इथं आणून बसवतो."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "याडीले आणू नका. मीच मारलं तिले."

"कसं?"

"तुमी म्हणता तसंच."

"प्रेत कुठं टाकलंस?"

"नदीत."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब नोंदवायचं ठरलं. तो तयार होता. दोन दिवस आम्ही अडाणच्या डोहांत माणसं उतरवली. काही सापडलं नाही. जमादार म्हणाले, "साहेब, याला डोह कोणता ते बी सांगता येत नाही." मी म्हणालो, घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

प्रेत नसल्यानं सगळा भार त्या वेणीवर होता. मुद्देमाल नागपूरला रासायनिक तपासणीसाठी पाठवण्याआधी कागद पक्का करावा म्हणून मी एक नवा ओळख-पंचनामा लिहिला. पहिल्या पंचनाम्यावर सगळे अंगठे होते. आता एक शिकलेली बाई पंच म्हणून हवी होती. गावातल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पंचेचाळिशीच्या, बारीक काठाचं पांढरं लुगडं, जाड चष्मा. नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आल्यावर शाळेच्या झालेल्या. गावात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मीही तसंच म्हणतो.

शाळा सुटल्यावर त्या ठाण्यात आल्या. मी पंचनामा पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला. बहुतेक पंच वाचत नाहीत.

"'सदरहू केस बेपत्ता स्त्रीचेच असल्याची पंचांची खात्री पटली,'" त्यांनी वाचून दाखवलं. "पंच मी आहे ना?"

"हो."

"मग माझी खात्री अजून पटायची आहे. केस दाखवा."

मी पाकीट उघडून केस कागदावर ठेवले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ पाहिलं. पहिला पंचनामाही मागून घेतला.

"हा खालचा झुपका ओल्या वाळूत होता?"

"हो. तसं लिहिलंय."

"आणि वरची वेणी कोरड्या दगडावर?"

"हो."

"ठाणेदारसाहेब, वरच्या केसांना लहरी आहेत आणि खालचा झुपका सरळ आहे. तुम्ही पाहिलंत का?"

मी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. खालचे वीतभर केस खरोखर सरळ होते, ताणून ठेवल्यासारखे.

"कुरळे केस भिजले की सैल पडतात," बाई म्हणाल्या, "पण मोकळे वाळले की पुन्हा कुरळे होतात. आमच्या शाळेत तशा दोन मुली आहेत. पावसात भिजून येतात आणि तिसऱ्या तासाला त्यांचे केस पुन्हा होते तसे. हे झालेले नाहीत. मी यावर सही करणार नाही."

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, आरोपीनं गुन्हा कबूल केला आहे."

"केसांनी केलेला नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं सांगितलं.

जमादार दाराशी उभे होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि बाईंना म्हणाले, "जरा समजावून सांगा ना बाई. आम्हालाही कळू द्या."

बाईंनी आपल्याच डोक्यावरचा एक केस उपटला आणि जमादारांना काडी ओढायला सांगितली. केस करपला, कडवट वास सुटला.

"हा जो वास येतो त्यात गंधकाचा भाग असतो. केसात गंधक आहे. कापूस जाळला तर असा वास येत नाही. केस एका प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांब लांब साखळ्या असतात, एकमेकींशेजारी पडलेल्या. त्या नुसत्या पडलेल्या असत्या तर केसाला आकारच राहिला नसता. त्यांना एकमेकींशी बांधणारे बंध असतात. तुमच्या घरी बाज आहे ना? तिचे गाते आणि ठावे, म्हणजे चौकटीच्या दांड्या आणि पाय, खुंट्या मारून पक्के बसवलेले असतात. सुतळी नुसती विणलेली असते, ती वापरानं सैल पडते, ओढली की घट्ट होते. केसातही असंच आहे. गंधकाचे बंध म्हणजे त्या खुंट्या. एका साखळीतलं गंधक दुसरीतल्या गंधकाचा हात धरून असतं. केस जन्मतः कुरळा की सरळ, ते या बंधांनी धरून ठेवलेलं असतं. साध्या पाण्यानं ते सुटत नाहीत. म्हणून तर माणूस मेल्यावर सगळं शरीर जातं आणि केस वर्षानुवर्षं राहतात."

"आणि सुतळी?" जमादारांनी विचारलं.

"दुसरे बंध हायड्रोजनचे. एकेकटा फार दुबळा, पण संख्या फार मोठी. पाणी लागलं की हे सुटतात, केस वाळला की पुन्हा जुळतात, आणि ज्या आकारात वाळला त्या आकारात जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी लहरी दिसतात, त्या यांच्यामुळे. पुन्हा भिजवलं की लहरी गेल्या. तिसरे क्षारबंध असतात, ते आंबट किंवा खारट पदार्थानं हलतात. या वेणीतल्या लहरी पाण्यानं सुटणाऱ्या दुसऱ्या जातीच्या आहेत असं मला वाटतं. वाटतं म्हणते. पाहायला हवं."

मी नोकरीत पुढे मोठमोठ्या तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस क्वचितच पाहिला. आणि 'वाटतं' आणि 'आहे' यांतला फरक इतक्या काटेकोरपणे पाळणारा तर त्याहून क्वचित.

तरी मी अडूनच होतो. पण जबाब नोंदवायला चार दिवस होते, आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी विचारलं, काय काय लागेल?

"तीन वाट्या. विहिरीचं स्वच्छ पाणी. साबण नको, सोडा नको, शिकेकाई नको, नाहीतर कोणता बंध हलला ते कळायचं नाही. या वेणीतले थोडेच केस द्या, बाकीचे तुमच्या सीलमध्ये राहू द्या. आणि त्या बाईचे स्वतःचे केस हवेत, खात्रीचे."

"ते कुठून आणू?"

"घरी विचारा. गुंतवळ ठेवली असेल."

बाया विंचरताना निघालेले केस गुंडाळून ठेवतात, त्याला गुंतवळ म्हणतात. हे मला माहीत होतं, पण पुरावा म्हणून कधी सुचलं नसतं. जमादार सायकलवर तांड्यावर गेले. सासूनं भिंतीच्या कोनाड्यातून एक लहानसा गोळा काढून दिला. "माहे तं सारे पिकले," ती म्हणाली. "हे काळे तिचेच." या वेळी जमादारांनी तिचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मला न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर बाईंनी तीन वाट्या मांडल्या. पहिलीत वेणीतले केस, दुसरीत गुंतवळीतले सोडवलेले केस. तिसरीत जमादारांच्या बायकोचे सरळ केस होते. ते बाईंनी आदल्या दिवशी ओले करून पेन्सिलीला गुंडाळून वाळवले होते आणि त्यांना वेणीसारख्याच लहरी पडल्या होत्या. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "जे ठाऊक आहे त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय जे ठाऊक नाही ते कळत नाही."

तासाभरानं केस बाहेर काढून पांढऱ्या कापडावर सावलीत मोकळे पसरले. ओले असताना तिन्ही जवळपास सारखेच, लांब आणि गुळगुळीत. मी म्हणालो, काही फरक नाही. बाई म्हणाल्या, थांबा, आणि वर्गावर निघून गेल्या.

मी तिथेच बसलो. आतून मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. हवा कोरडी होती. हळूहळू मधल्या कापडावर काहीतरी हलल्यासारखं दिसू लागलं. त्या बेपत्ता बाईच्या गुंतवळीतला एक केस आकसला. मग दुसरा. दुपारपर्यंत तो सगळा पुंजका वळून, आखडून घट्ट वेटोळ्यांचा झाला होता, कोनाड्यातून काढला होता तसाच. वेणीतले केस सरळ पडले होते. जमादारांच्या बायकोचेही सरळ.

बाईंनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या पुन्हा करू. आणि परवा." तीन दिवस केलं. तिन्ही दिवस तेच.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "बाई, हे मी कोर्टात मांडतो."

"मांडू नका. मी तज्ज्ञ नाही. हे केस कोणाचे, ते मला सांगता येत नाही. कोणाचे नाहीत, एवढंच सांगते. सरळ केसांना मुद्दाम लहरी पाडून वेणी केली आहे. असं कोण करतं, ते शोधणं तुमचं काम."

त्याच संध्याकाळी मी दंडाधिकाऱ्यांना जबाब पुढे ढकलण्याची विनंती पाठवली.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जमादार म्हणाले, "साहेब, लहरी पाडलेली गंगावनं बोरी अरबच्या बाजारात एकच माणूस विकतो." केसांत घालायची तयार वेणी म्हणजे गंगावन. बाजाराच्या दिवशी आम्ही साध्या कपड्यांत गेलो. गोंडे, करदोटे आणि गंगावनं मांडून एक म्हातारा मुसलमान कारागीर बसला होता. जमादारांनी त्याला चाचा म्हणून हाक मारली. मी वेणीतले केस पुढे केले. त्यानं ते हातात घेतले, उन्हात धरले.

"हा माल माह्याच हातचा हाय साहेब. वरून गाठ कापली कोनी तरी."

"कशावरून तुझा?"

त्यानं पेटीतून बोटाएवढी बांबूची काडी काढली आणि केसांच्या लहरीवर ठेवली. वळणाला वळण बरोबर बसलं. "ओले करतो, या काडीले गुंडायतो, उन्हात वायवतो. मंग येणी घालतो. गिऱ्हाइकाले मी सांगतोच, पान्यापासून जपा."

"ही कोणाला विकली, आठवतं?"

"आठवते ना. मानूस आलता घ्यायले. मानसं येत नाई गंगावन घ्यायले, बाया येते. वरून म्हने, लहर दाट पाड, माह्या घरच्या बाईचे केस कुरये हाय. मले वाटलं, मोठा जीव हाय याचा बायकोवर."

म्हाताऱ्यानं हे सहज सांगितलं. जमादारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं; नाला आम्हाला कोणी दाखवला, ते दोघांनाही आठवलं.

तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. चाचानं रांगेतून चालत जाऊन चुलतभावापुढे पाय थांबवले आणि म्हणाला, "हाच. काउन बाबा, बायकोले आवडली का येणी?" चाचाला अजून काही माहीत नव्हतं.

चुलतभावाला मी ठाण्यात समोर बसवलं. या वेळी मी त्याला कबुली मागितलीच नाही. टेबलावर पाण्याची वाटी ठेवली, वेणीतले चार केस त्यात टाकले, आणि एकच विचारलं, "ती कुठं आहे?"

तो वाटीकडे पाहत राहिला. लहरी सुटत होत्या. मग वाटी बाजूला सारून म्हणाला, "जिती हाय."

मग सगळं बाहेर आलं. सामाईक शेत त्याला एकट्याला हवं होतं. भावाला मूल नाही. भाऊ फासावर गेला की शेत त्याचं. त्यानंच तिच्या कानात घातलं होतं की तुझा नवरा दुसरी आणून राह्यला. ती रागानं निघाली तेव्हा त्यानंच तिला शेजारच्या जिल्ह्यात एका धरणाच्या कामावर पोचवलं. तिथं त्याचा मेहुणा मजुरांचा मुकादम होता. तिला सांगितलं, नवऱ्यानं दुसरी केली, आता परत येऊ नको. ओढणी त्यानं तिच्या गाठोड्यातून काढून घेतली होती. डाग बकऱ्याच्या रक्ताचे होते. पुढे नागपूरच्या अहवालातही तेच आलं.

तिला आणायला जमादार निघाले तेव्हा सासू ठाण्याबाहेर येऊन बसली होती. "मी येतो," ती म्हणाली. "तुमच्या संगं ती येनार नाई. तिले वाटल, पकडून नेऊन राह्यले." जमादारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी ठाण्याच्या फाटकातून आत आल्या. सून पुढे, सासू मागे. उन्हातान्हात माती वाहून सून काळवंडली होती, आणि केस ओढणीखालून सुटून कपाळावर वेटोळी होऊन आले होते. नवऱ्याला कोठडीतून बाहेर आणलं. तो तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला.

"मी दुसरी केली नाई," तो म्हणाला.

"मले माहीत झालं," ती म्हणाली. "याडीनं सांगतलं."

एवढंच. मग ती कोठडीच्या पायरीवर बसली आणि रडली, आणि तो तिच्याशेजारी बसला. शिपाई आपापल्या कामाला लागल्यासारखं करत होते.

दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडलं. चुलतभावावर पुढे खोटा पुरावा तयार केल्याचा खटला चालला आणि शिक्षा झाली. त्याआधीच वरिष्ठांकडून मला शाबासकीचं पत्र आलं. ते खिशात घालून मी बाईंकडे गेलो. वाटलं होतं, शाळेत एखादा छोटा सत्कार करावा. बाई वह्या तपासत होत्या. पत्र वाचून त्यांनी परत दिलं आणि सत्काराला नाही म्हणाल्या.

"तो माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"सुटला. बरा आहे."

"त्याची माफी मागितलीत?"

मी पत्र घडी करून खिशात घातलं. त्या काळी ठाणेदारानं तांड्यावरच्या शेतकऱ्याची माफी मागणं कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. बाईंनी पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन एकटाच तांड्यावर गेलो. युनिफॉर्म घातला नव्हता. तो घरासमोर कापसाच्या गंजीजवळ होता. त्याची आई आणि बायको वेचलेला कापूस भरत होत्या. मला पाहून तो उभा राहिला, हात आपोआप टोपीकडे गेला. मी म्हणालो, मी चुकलो. तुझ्या आईचं नाव घेऊन मी तुला खोटं बोलायला लावलं, आणि तुझी आई खरं सांगत होती ते मी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

त्यानं टोपी काढून हातात धरली. मग अगदी मनापासून म्हणाला, "तुमचं काय चुकलं साहेब? मीच तं हो म्हणलं होतं."

त्यानं मला शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. त्याला खरंच वाटत होतं की चूक त्याची. मी त्याच्या मनात तेवढं खोल ते बसवलं होतं. त्याच्या आईनं मात्र डोकं वर केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "बसा," ती म्हणाली, आणि गोणपाट पुढे सरकवलं. मी बसलो. तिनं पाणी दिलं, मी प्यायलो.

पुढच्या नोकरीत मी अनेक ठाण्यांवर गेलो. कबुली मिळाली की हाताखालचे अधिकारी खूश होऊन माझ्याकडे येत. मी त्यांना विचारायचो, याच्या घरच्या माणसांनी काय सांगितलं, ते लिहिलंय का? बहुतेकदा लिहिलेलं नसायचं. मग मी त्यांना कागद घेऊन परत पाठवायचो.